पुढे झुंबर, मागे काडी

वीज कशी वाहते याचे नियम शास्त्रज्ञांनी केव्हाच लिहून ठेवले आहेत. पण ती घरात कुठे कशी पोचवली जाते, याचा नियम अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेला नाही. तो असा: घराच्या ज्या भागात पाहुणा बसतो तिथे उत्तम वायर लागते आणि ज्या भागात फक्त घरचा माणूस जातो तिथे उरलेली. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड किंवा गाडीचं गॅरेज ही या उतरंडीची अगदी तळची पायरी. तिथे पाहुणा कधी जात नाही, सबब वायरिंगही जात नाही. जाते ती नुसती वायर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली, पेरूच्या फांदीवर जरा टेकलेली, तिथून कपडे वाळत घालायच्या तारेला सोबत करत पत्र्याच्या फटीतून आत शिरलेली. आत तिच्या टोकाला एक होल्डर लोंबकळत असतो आणि होल्डरात घरातून निवृत्त झालेला दिवा. ‘शेडचं वायरिंग झालं का?’ असं विचारलं तर मालक अभिमानाने सांगतो, ‘कधीच! एका दुपारात उरकलं.’ या दुपारभराच्या कामाला लोक अज्ञान म्हणतात, काटकसर म्हणतात, कुणी आळसही म्हणतात. आमचं म्हणणं असं, की यातलं एकही कारण खरं नाही. खरं कारण प्रतिष्ठेचं आहे. शेडला आपण घरात धरतच नाही. आणि गंमत अशी, की ही प्रतिष्ठेची उतरंड धोक्याच्या हिशेबाने बरोबर उलटी लागलेली आहे: वीज जिथे निमूट बसते तिथे सगळा बंदोबस्त, आणि जिथे ती दबा धरून बसते तिथे काळी टेप.

पुरावा म्हणून आधी दिवाणखाना घ्या. फरशी कोरडी, भिंत विटांची, माणूस सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला. विजेला त्याच्यापर्यंत पोचायचं म्हटलं तरी वाट सापडू नये. अशा या सुरक्षित जागी बारा बटणांचा मॉड्युलर बोर्ड असतो, त्याला सोनेरी कड असते आणि कोणतं बटण कशाचं हे यजमानालाही ठाऊक नसतं. पाहुण्याला उकडतंय म्हणून यजमान उठतात. पहिल्या बटणाला छतातली निळी पट्टी उजळते, दुसऱ्याला देवीच्या तसबिरीवरचा दिवा, तिसऱ्याला झुंबर. पाहुणा म्हणतो, ‘राहू द्या हो.’ यजमान म्हणतात, ‘नाही नाही, पंखा यातच आहे कुठेतरी.’ आता शेडकडे या. खाली ओली माती, चारी बाजूंनी लोखंडी पत्रा, टेबलही लोखंडी, कोपऱ्यात पाण्याची मोटर, तिच्या नळीला गळती आणि माणूस अनवाणी, कारण ‘जरा पाचच मिनिटांचं काम’ आहे. दोन्हीकडे वीज तीच, २३० व्होल्टांची. पण दिवाणखान्यात तिच्यासाठी भिंत फोडून पाइप घातलेले आहेत, आणि शेडमध्ये तिला पत्र्याच्या धारेवरून आत घेतलेली आहे. वारा सुटला की पत्रा हलतो, पत्रा हलला की वायरीवरचं प्लॅस्टिक जरा जरा कापलं जातं आणि ज्या दिवशी आतलं तांबं पत्र्याला टेकतं त्या दिवशी एका बल्बाची शेड आख्खी जिवंत होते. त्यानंतर कडी उघडायला हात लावणाऱ्याला बल्ब लावायची गरज उरत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आधीच चमकतं.

हे अज्ञानामुळे होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सिलतऱ्याला जावं. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर, धरसीवा तालुक्यात पसरलेली ही औद्योगिक वसाहत म्हणजे स्पंज आयर्नच्या भट्ट्यांचं आणि रोलिंग मिलांचं गाव. वीज काय चीज आहे हे तिथल्या माणसाला शिकवायला जाणं म्हणजे देहूत जाऊन कीर्तनाची शिकवणी लावण्यासारखं. भट्टीतून निघणाऱ्या तापलेल्या वायूवर पाणी उकळून तिथले मोठे कारखाने स्वतःची वीज स्वतः करतात. शिवाय याच छत्तीसगढात कोळशाच्या जोरावर कोरब्याला एनटीपीसीचं एकटं वीजकेंद्र २६०० मेगावॅटचं आहे. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला पाचशेहून अधिक युनिट खर्च होतात. तेवढ्याच पाचशे युनिटांवर शेडमधला नऊ वॅटचा दिवा रोज चार तास लावला तर अडतीस वर्षं चालेल. या हिशेबाने सिलतऱ्यातल्या माणसाच्या घरी तरी शेडचं वायरिंग देखणं असायला हवं. नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग छत्तीसगढात येऊन राहिलेल्या आणि पिढ्यान् पिढ्या रायपूरच्या तात्यापारा, चौबे कॉलनीत मुरलेल्या मराठी कुटुंबांतलेही किती तरी जण या पट्ट्यातल्या कारखान्यांत सुपरवायझर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून नोकऱ्या करत आले. त्यांच्या घरामागची शेड पाहावी. पेरू तोच, तार तीच, फट तीच.

कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनचा सोमवार आणि त्याचाच रविवार शेजारी शेजारी ठेवून पाहिले की अज्ञानाचा मुद्दा कायमचा निकालात निघतो. सोमवारी तो पॅनेलसमोरच्या रबरी मॅटवर उभा असतो. डोक्याला हेल्मेट, पायात सेफ्टी शूज. मेन बंद केल्याशिवाय, त्यावर कुलूप आणि ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ अशी पाटी लावल्याशिवाय, कागदी परमिटवर दोन सह्या झाल्याशिवाय तो झाकणाचा स्क्रूदेखील फिरवत नाही. साहेबांनी घाई केली तर तो साहेबांनाच नियम ऐकवतो. रविवारी मेहुण्याच्या गॅरेजमध्ये हाच माणूस लुंगीवर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून, दातांनी वायर सोलत असतो. ‘भाऊजी, मेन बंद करू का?’ मेहुणा विचारतो. ‘नको, आत मॅच चालू आहे,’ भाऊजी तोंडातल्या वायरीसकट उत्तर देतात. खाली उभ्या असलेल्या ताईंचा प्रश्न वेगळा असतो: ‘अहो, कारखान्यात असंच करता का?’ त्यावर भाऊजींचं उत्तर या लेखाचा सगळा मुद्दा एका वाक्यात सांगून टाकतं. ते म्हणतात, ‘तिथलं काम असतं गं. हे आपलं घरचं.’ ज्ञान तेच, हात तेच, पक्कडही बहुधा तीच. फक्त जागेचा मान बदलला. कारखान्याच्या पॅनेलवर इन्स्पेक्टर येतो, ऑडिट होतं, फोटो निघतात. मेहुण्याच्या गॅरेजमध्ये पाल येते.

कायद्याचं काय, असा प्रश्न इथे कुणी तरी सज्जन वाचक विचारणारच. कायदा आहे, जुना आहे आणि चांगला आहे. १९५६ च्या वीज नियमांमध्येच लिहिलेलं होतं, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांच्यासारख्या वस्तू आहे त्या जागी बदलणं सोडलं तर विजेचं कोणतंही नवं काम, वाढ किंवा दुरुस्ती सरकारी परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायची. पुढच्या नियमावल्यांनीही हे सूत्र धरून ठेवलं. म्हणजे होल्डरातला बल्ब बदलायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो होल्डर पेरूवरून शेडमध्ये न्यायचा हक्क नाही. इंग्लंडमध्ये तर बागेतली शेड हा जवळजवळ राष्ट्रीय वारसा. तिथे २००५ पासून घरगुती वायरिंग इमारत नियमांत घेतलं गेलं, आणि घरातून वीज घेणारी शेड, गॅरेज, बागेतले दिवे हे सगळं नावानिशी त्यात बसवलं. इंग्रज माणसाला शेडमध्ये चहा पीत एकटं बसायचं असतं. तिथे तो स्वतःच स्वतःचा पाहुणा असतो, म्हणून त्याला शेड महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शेडमध्ये जाऊन बसणाऱ्याची लोक चौकशी करतात, ‘घरात काही झालं का?’ तेव्हा आपला नियम कागदावर कितीही कडक असला तरी तो फाटकापाशी चपला काढून दिवाणखान्यात येतो, सोनेरी बोर्ड पाहतो, ‘वा’ म्हणतो आणि पुढच्या दारानेच परत जातो. मागच्या अंगणात जायचं त्याला कुणी सुचवत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. शेडसाठी एवढा खर्च कोण करतो? हा आक्षेप घेणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा झुंबर लोंबत असतं. शेडला खरंच लागतं काय, ते पाहू: घरच्या मुख्य बोर्डावरून स्वतंत्र फाटा, फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्हींची व्यवस्था असलेली जाड केबल, सॉकेटसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ती जाण्यासाठी पाइप, जमिनीखालून न्यायची तर पाऊण मीटर खोल चर, त्यात आर्मर्ड केबल, तिच्याभोवती वाळू आणि वर विटांचा थर, शेडच्या तोंडाशी एक छोटा बोर्ड. झुंबराच्या स्फटिकांची यादी यापेक्षा लांब असते. शिवाय काटकसर हा खुलासा मानला तर ती सगळीकडे सारखी दिसायला हवी. ती दिसत नाही. छतात लपवलेल्या ज्या निळ्या पट्ट्या वर्षातून फक्त लक्ष्मीपूजनाला आणि जावयाला दाखवायला लागतात, त्यांच्यासाठी नव्या वायरीची आख्खी भेंडोळी येतात. आणि त्या भेंडोळ्यांतून उरलेले वीत-वीत, हात-हात तुकडे एकमेकांना पीळ घालून, टेप गुंडाळून शेडमध्ये रुजू होतात. रंगांचा संकेत सांगतो की लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. शेडमधल्या वायरीत सुरुवातीला लाल असलेली तार मध्ये पिवळी होते, पेरूजवळ निळी होते आणि होल्डरापाशी पोचेपर्यंत दोन्ही तारा हिरव्या झालेल्या असतात. इतकी सर्वधर्मसमभावी वायर बाजारात पैसे टाकूनही मिळत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय: ‘एका बल्बासाठी कशाला एवढं?’ या आक्षेपात ‘एका बल्बासाठी’ हे शब्द खोटे आहेत. शेडमधला बल्ब कधीही एकटा राहत नाही. आपण मुळात विजेच्या हिशेबात मनाने उदार माणसं. ज्या मिणमिणत्या दिव्याला आपण वर्षानुवर्षं ‘झिरोचा बल्ब’ म्हणून रात्रभर जळत ठेवलं तो बारा-पंधरा वॅट निमूट खात होता. शेडमध्येही तसंच होतं. आधी बल्ब. मग बल्बाच्या वायरीला मधेच जोड देऊन एक सॉकेट, कारण मोबाइल चार्ज करायचा असतो. मग त्या सॉकेटात एक्स्टेन्शन बोर्ड. मग पाण्याची मोटर, ड्रिल मशीन, उन्हाळ्यात कूलर, डिसेंबरात पाहुण्यांच्या आंघोळीसाठी पाणी तापवायचा रॉड आणि आता विजेची स्कूटर. स्कूटरच्या चार्जरचा प्लग तीन पिनांचा, बोर्डावरची भोकं दोन. मग जो प्रकार होतो तो जवळून पाहण्यासारखा असतो. प्लग कापून टाकला जातो. वायरीची दोन टोकं दातांनी सोलली जातात, बोटांनी वळली जातात, सॉकेटाच्या भोकांत सरकवली जातात, आणि ती निसटू नयेत म्हणून प्रत्येक भोकात एकेक काडेपेटीची काडी खोचली जाते. काडी ढिली वाटली तर गुलाच्या बाजूने आणखी एक. म्हणजे जिथे ठिणगी पडण्याची शक्यता सर्वाधिक, नेमकं तिथेच आग लावण्यासाठी खास तयार केलेली वस्तू आपण हाताने बसवतो आणि ‘बसली बघ घट्ट’ म्हणून समाधानाने हात झटकतो.

या एका बल्बाच्या वायरीला मग काय सोसावं लागतं, तेही आकड्यांत पाहावं. जुने वायरमन अजूनही वायर ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशी मागतात. पहिला आकडा आतल्या तारांचा, दुसरा त्यांच्या गेजचा. दुकानदार विचारतो, ‘लोड किती?’ आणि गिऱ्हाईक सांगतं, ‘लोड कसला, शेड आहे.’ मग मिळते ती एक चौरस मिलिमीटरची वायर. अंगण तीस मीटर धरलं तर जाऊन-येऊन साठ मीटर तांबं होतं आणि त्याचा रोध साधारण एक ओहमच्या वर जातो. त्यातून दहा अँपिअर ओढले की अकरा व्होल्ट वाटेतच गळतात आणि शंभर वॅटहून अधिक शक्ती नुसती वायर तापवण्यात जाते. मे महिन्यात रायपुरात पारा पंचेचाळिसाकडे सरकत असताना पेरूच्या झाडाला शंभर वॅटचा हीटर गुंडाळून ठेवायची आवश्यकता खुद्द पेरूलाही वाटत नसावी. त्यात सिलतऱ्याच्या आसमंतातली ती काळी बारीक धूळ, जी पत्र्यावर, पापडांवर आणि नव्या गाडीवर सारखीच बसते. कोळशाचा आणि लोखंडाचा अंश असलेली ही धूळ उघड्या जोडावर, बोर्डाच्या आत साचत जाते, आणि पहिल्या पावसाच्या ओलीबरोबर तिच्यातून वीज स्वतःची चोरवाट काढते. दिवाणखान्यातल्या बोर्डावरची धूळ रोज फडक्याने पुसली जाते. शेडमधला बोर्ड पुसायला गेलेलं फडकं ओलं असतं.

‘इतकी वर्षं आमच्याकडे काही झालं नाही’ हा चौथा आक्षेप, आणि तो घेणाऱ्याचा चेहरा नेहमी विजयी असतो. यात एक तार्किक अडचण अशी आहे की ज्यांच्याकडे काही झालं ते वाद घालायला येत नाहीत. दुसरी अडचण अशी, की काही झालं नाही हे आपण ज्या उपकरणाने ठरवतो त्याचा स्वभाव आपल्याला माहीत नसतो. खिशाला पेनासारखा टेस्टर लावणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. टेस्टरच्या पोटात एक निऑनचा इवलासा दिवा आणि एक मोठा रोध असतो, आणि तो दिवा पेटतो तो त्या माणसाच्याच अंगातून अतिशय क्षीण प्रवाह जमिनीकडे जातो म्हणून. म्हणजे टेस्टरने वीज तपासणारा माणूस त्या क्षणी स्वतः वायरिंगचा भाग झालेला असतो; फार तर असं म्हणता येईल की आख्ख्या शेडमध्ये नीट जोडलेला तेवढाच एक भाग असतो. टेस्टर पेटला तर ‘फेज आहे’, नाही पेटला तर ‘टेस्टर खराब आहे’. वायर खराब आहे हा निष्कर्ष दोन्हीकडून निघत नाही. आणि चपलेवरचा विश्वास तर विचारू नका. ‘मी चप्पल घालतो’ असं सांगणाऱ्याची चप्पल टाचेपाशी झिजून जमिनीला मिळालेली असते, अंगठ्यापाशी खिळा मारलेला असतो आणि दुसरा हात आधारासाठी पत्र्यावर असतो.

पाचवा आक्षेप सुशिक्षितांचा: ‘आमच्याकडे एमसीबी आहे.’ उत्तम. एमसीबी म्हणजे आधुनिक काळाचा फ्यूज. पूर्वी फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात बोटभर जाड तार घालणारे हुशार लोक होते, आता त्यांची मुलं वायरमनला फोन करतात. रायपुरी मराठी घरातला हा संवाद ठरलेला असतो. ‘भैया, एमसीबी सारखी गिरते.’ ‘कितने की है, काका?’ ‘सहाची.’ ‘बत्तीस की लगा देते हैं, फिर नहीं गिरेगी.’ आणि खरोखरच ती पुन्हा गिरत नाही. त्यानंतर गिरायची पाळी वायरीची असते. पण बत्तीसची न लावता सहाचीच ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. एमसीबी वायरीला जपते, माणसाला जपणं हे तिचं काम नव्हे. सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. माणसाला झटका साधारण एका मिलिअँपिअरला जाणवतो, दहा-पंधराच्या आसपास हाताची मूठ सुटेनाशी होते आणि जिवावर बेतायला त्याहून फार पुढे जावं लागत नाही. म्हणून अंगातून जमिनीकडे गळणारी वीज ओळखून तोडणारा जो आरसीसीबी असतो तो तीस मिलिअँपिअरचा ठेवतात. सहा अँपिअर त्याच्या दोनशे पट. म्हणजे आपल्यासारखी दोनशे माणसं एकाच वेळी शेडच्या पत्र्याला चिकटल्याशिवाय एमसीबीला त्यात लक्ष घालण्यासारखं काही वाटणार नाही. तीसवाला आरसीसीबी मात्र शेडमध्ये लावला की सारखा पडतो, अशी तक्रार ऐकू येते. पडणारच. वायर गळते आहे हे तो सांगत असतो. पण आपल्याकडे खरं बोलणाऱ्याला घरातून काढण्याची रीत जुनी आहे; वायरमन त्याला वगळून वायर थेट जोडून देतो, आणि शेडमध्ये पुन्हा शांतता नांदते.

राहिलं अर्थिंग. ते जमिनीत असल्यामुळे दिसत नाही आणि जे दिसत नाही त्यावर खर्च करायला आपण फक्त देवाच्या बाबतीत तयार होतो. नियमाने खड्डा खणून, त्यात प्लेट किंवा पाइप बसवून, कोळसा आणि मीठ यांचे थर देऊन, उन्हाळ्यात पाणी घालून अर्थिंग जगवायचं असतं. छत्तीसगढात जिला भाटा म्हणतात ती मुरमाड जमीन एप्रिल-मेमध्ये अशी कोरडी ठणठणीत पडते की न भिजवलेलं अर्थिंग नावापुरतंच उरतं. तीन पिनांच्या प्लगातली वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब असते ती याचसाठी, की प्लग खोचताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा. आपण ती पिन पाहून एवढंच म्हणतो, ‘हिच्यामुळे जात नाहीये आत,’ आणि पक्कडीने ती मोडतो. याउलट पूजेत कसूर नाही. सिलतऱ्यातल्या कारखान्यांबरोबर १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा आणि मराठी घर म्हणून पुन्हा खंडेनवमीला आयुधांची पूजा, असं शेडमधल्या बोर्डाला वर्षातून दोनदा हळदकुंकू लागतं. झेंडूचा ओला हार बटणावरून खाली येतो, अक्षता सॉकेटाच्या भोकात जातात आणि वर पाण्याचा शिडकावा. ज्या बोर्डाला जमिनीशी जोडायला आपल्याला सवड झाली नाही, त्याची स्वर्गाशी जोडणी मात्र पक्की असते.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, की मग हा माणसाचा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. इलाज आहे, आणि तो याच लोकांनी स्वतः शोधून काढलेला आहे. शेड भाड्याने द्यायचं ठरलं की काय होतं ते पाहा. पंक्चरवाला येतो, डबे देणारी मेस येते, नाही तर ग्रिलचं वेल्डिंग करणारा येतो. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी पेरूवरची तार उतरते. परवानाधारक ठेकेदार सापडतो. जाड केबल येते, चर खणला जातो, मीटर लागतो, सील लागतं, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ पडतं. घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर २००३ च्या वीज कायद्याखाली दंड बसतो, हेही घरमालकाला तोंडपाठ असतं. हा चमत्कार कसा झाला? भाडेकरूच्या जिवाची काळजी, असं उत्तर घरमालकही देणार नाही. भाडेकरू युनिट मोजतो, बिल दाखवतो, दिवा मिणमिणला तर दारात येऊन उभा राहतो आणि भाडं अडवून धरतो. म्हणजे शेडला पहिल्यांदाच कुणी तरी विचारणारा माणूस मिळतो. आमच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको. पैसा तोच, घरमालक तोच, नियमही तेच होते. फक्त शेडमधल्या माणसाला किंमत आली. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घरमालकाने आपल्या शेडचा भाडेकरू स्वतःच व्हावं. रीतसर करारनामा करावा, त्यात तीन पदरी केबल, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि मोडू न दिलेली तिसरी पिन यांची अट घालावी, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत रोज सकाळी स्वतःच्याच दिवाणखान्यात जाऊन झुंबराखाली तक्रार करावी. राहता राहिला भाड्याचा प्रश्न, तर ते दर महिन्याला घरमालकाच्या नात्याने स्वतःच माफ करून टाकावं. एवढा मोठ्या मनाचा घरमालक मराठी माणसाला दुसरीकडे कुठेही मिळायचा नाही.